मॉरिशस : ठरलेले भवितव्य आणि घडवलेले भवितव्य



पत्रिकेत आजचा विषय 'मॉरिशस : भूमी, माणसे, राज्यकारभार आणि अर्थव्यवस्था' असा छापला आहे. हे चारही भाग मी घेणार आहे. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे नुसती माहिती सांगून थांबणे मला जमत नाही. या चारही भागांमागे मला एकच प्रश्न दिसतो. एखाद्या मुलखाची परिस्थिती नीट समजली, म्हणजे त्याचे भवितव्यही समजले, असे म्हणता येते का? मॉरिशसबद्दल एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने तसे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. का ठरले नाही, ते आज पाहू. आणि शेवटी हा विषय आपल्या उसाच्या फडापर्यंत आणून सोडू, कारण तो तिथलाच आहे.

आधी भूमी. आपल्या सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर. मॉरिशस हा सगळा देश, दूरची लहान बेटे धरून, २,०४० चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या जिल्ह्यात असे पाच देश मावतील. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. दर चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर माणसे. साताऱ्यात २०११ च्या जनगणनेनुसार २८७. तेव्हा बेट म्हटल्यावर डोळ्यांपुढे निर्मनुष्य किनारा आणि नारळाची झाडे आणू नका. तो दाटीवाटीचा मुलूख आहे. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, हिंदी महासागरात. आणखी पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचे १०८ चौरस किलोमीटरचे बेट आहे, तेही याच देशाचे. उत्तरेला आगालेगाची दोन चिमुकली बेटे.

मधोमध पठार, भोवती तुटक डोंगर. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. वारे आग्नेयेकडून येतात, पठारावर पाऊस टाकतात आणि पश्चिम किनाऱ्यावर पोचेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी राहत नाही. खंडाळकरांना हे समजावून सांगायला नको. महाबळेश्वर, पाचगणीला धो धो आणि आपल्याकडे नुसते आभाळ भरून येते, त्यातलाच प्रकार; फक्त दिशा उलटी. उन्हाळाही उलटा, नोव्हेंबर ते एप्रिल, आणि चक्रीवादळे त्याच दिवसांत येतात. १९६० च्या कॅरोल वादळाने तिथली हजारो घरे आडवी केली.

आता एक गोष्ट, जी ऐकल्यावर खंबाटकी घाटातून जाताना तुम्ही बाहेर जरा वेगळ्या नजरेने पाहाल. आपला हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बहुतेक भूशास्त्रज्ञ असे मानतात, की ज्या तप्त केंद्रातून हा लाव्हा वर आला, ते पृथ्वीच्या पोटात तिथेच राहिले आणि त्याच्यावरून भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला. मग त्याच केंद्राने वाटेत लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांचे पाये घातले, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उभे केले, आणि आज रीयुनियन बेटावर तो ज्वालामुखी जागा आहे. खंबाटकीचा दगड आणि मॉरिशसचा दगड एकाच चुलीवरचे, असे म्हणायला हरकत नाही. १९ व्या शतकात आपली माणसे तिथे गेली आणि शेतातला असाच काळा दगड वेचून बांधाला लावू लागली. तिथल्या उसात अजून ते दगडांचे ढीग उभे आहेत. आपण ताल रचतो, तसेच.

आता माणसे. या बेटाला मूळ रहिवासीच नाहीत. हे वाक्य साधे वाटते, पण त्यात पुष्कळ काही आहे. जगात बहुतेक ठिकाणी 'आम्ही आधीचे, तुम्ही नंतरचे' यावर भांडणे होतात. इथे सगळेच नंतरचे. डच लोक १५९८ मध्ये उतरले. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले, १६३८ मध्ये वस्ती केली, जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये सोडून गेले. त्यांच्याच काळात डोडो हा न उडणारा पक्षी नामशेष होण्याच्या वाटेला लागला. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून बंदर, रस्ते, मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण जमीन फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहू दिली, त्यांची भाषा आणि कायदेही राहू दिले. म्हणून आज तिथे कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि घरातले बोलणे क्रिओलमध्ये चालते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली. तेव्हा बेटावर सुमारे ६६ हजार गुलाम होते. नुकसानभरपाई मिळाली. कुणाला? मालकांना, वीस लाख पौंडांच्या घरात. गुलामांना काही नाही. आणि मळ्यांसाठी नवी माणसे हवी होती, त्याची तजवीज आधीच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. कागदोपत्री त्यांना 'धांगर' म्हटले आहे. आपल्याकडच्या कुणाचे कान टवकारतील, म्हणून सांगतो. ते आपले धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. नावावरून माणूस ओळखू नये, हा धडा पहिल्याच जहाजापासून मिळतो.

काळाची एक खूण सांगतो. आपल्याच तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. 'अ‍ॅटलस' निघाले, तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या.

त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून तिथे गेली. करार पाच वर्षांचा. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'चे लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. पगार महिना पाच रुपये, वर शिधा. निघताना काही महिन्यांचा पगार उचल म्हणून हातात, मग ती फिटेपर्यंत काम. एक दिवस गैरहजर राहिले, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. त्याला 'डबल कट' म्हणत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे केले. नसला की तुरुंग. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिझ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला. त्यावर ९,४०१ जणांनी सह्या-अंगठे केले. पुढच्या वर्षी चौकशी आयोग आला. पोर्ट लुईला ज्या घाटावर ही माणसे उतरत, त्याच्या सोळा पायऱ्या शिल्लक आहेत. 'आप्रवासी घाट' म्हणून २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. दोनच वर्षांनी ल मोर्न या डोंगराचीही झाली. पळालेले गुलाम तिथल्या कड्यांत लपत.

मुंबईहून गेलेल्यांत मराठी माणसे होती; मुख्यतः कोकणातली, रत्नागिरीकडची. बिहारी लोकांच्या मानाने फार थोडी. मध्य भागात व्हाक्वाकडे आणि कोरड्या पश्चिमेकडे कास्कावेल, पाल्मा अशा ठिकाणी ती स्थिरावली. त्यांनी बरोबर काय नेले? सामान तर नव्हतेच. गणपती नेला. १८९६ मध्ये हेन्रिएटा गावी एका मराठी घरात गणेशोत्सव सुरू झाला असे सांगतात. आज गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. कोकणातले जाखडी नृत्य नेले. तिकडे त्याला 'झाकरी' म्हणतात. आडनावे मात्र गेली. उतरताना कारकुनाने जे पहिले नाव ऐकले, ते त्याच्या कानाप्रमाणे लिहिले आणि पुढच्या पिढ्यांचे तेच आडनाव झाले. आजोबांचे नाव नातवाचे आडनाव.

आणि भाषा? मराठी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकवली जाते. मोका येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचा विभाग आहे. मराठी मंडळ्या आहेत, त्यांचा महासंघ आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. पण घरात बोलायची भाषा क्रिओल. इथले पाहुणे जातात, भारावतात, 'आमची मराठी सातासमुद्रापार जिवंत आहे' असे भाषणात सांगतात. मला वाटते, ही अर्धीच गोष्ट झाली. तिथे मराठी ही पूर्वजांची भाषा आहे. आरतीची, शाळेच्या तासाची, सणाची. आईवर रागावताना आणि मित्राशी पैज लावताना तोंडात क्रिओल येते. याला मराठी 'मेली' म्हणायचे का? मी म्हणणार नाही. बोलली न जाणारी, पण हट्टाने शिकली जाणारी भाषा हीही एक निवड असते. आपल्याकडे उलटे आहे. बोलतो आपण मराठीच, पण पोरांना ती शिकवायची की नाही याबद्दल आपलेच मन द्विधा असते. त्यांना नावे ठेवण्याआधी एवढे आठवावे.

मग मजुरांचे पुढे काय झाले? इथे कथेला वळण आहे. १८८० च्या सुमारास साखरेचे भाव पडले. मळेवाल्यांनी कडेच्या, नापीक जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पै पै साठवलेल्या जुन्या गिरमिट्यांनी त्या घेतल्या, दगड वेचले, ऊस लावला. गिरमिट्याचा शेतकरी झाला तो असा. १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना काही दिवस तिथे थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, हा त्यांचा सल्ला. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील तिथे गेले, त्यांनी मजुरांचे खटले चालवले आणि 'हिंदुस्थानी' पत्र काढले. गावोगाव 'बैठका' होत्या. दिवसभर फडात राबून रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवायची. ही अक्षरे पुढे कामी आली. १९४८ च्या निवडणुकीत मताचा हक्क साक्षरांना मिळाला. साधी वाक्ये लिहिता-वाचता आली की झाले. जमीन आणि अक्षर, या दोन गोष्टींनी माणूस बदलला. सावित्रीबाईंच्या तालुक्यात याहून जास्त सांगायला नको.

आता राज्यकारभार. १९५९ पासून सार्वत्रिक प्रौढ मताधिकार. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८, पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. प्रजासत्ताक १२ मार्च १९९२. पण हे स्वातंत्र्य एकमताने आले नाही. १९६७ च्या निवडणुकीत शेकडा ४४ मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना पडली. बहुसंख्याकांच्या राज्यात आपले काय होईल, ही भीती होती. स्वातंत्र्याच्या आधी दोन महिने पोर्ट लुईत दंगल झाली, इंग्रज सैन्य बोलवावे लागले.

ही भीती घालवायला घटनेत एक योजना केली. एकवीस मतदारसंघ. बेटावरच्या वीसमधून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्जमधून दोन असे बासष्ट निवडून येतात. त्याशिवाय कमाल आठ जागा, हरलेल्यांपैकी उत्तम मते मिळवणाऱ्यांना, अशा हिशेबाने की कुठलाही समाज फार मागे राहू नये. त्यासाठी उमेदवाराने आपला समाज लिहून द्यायचा. समाज चार : हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'सर्वसाधारण लोक'. हे सर्वसाधारण कोण? तर जे वरच्या तिघांत बसत नाहीत ते! मला इथे उपनिषदातले 'नेति नेति' आठवते. ब्रह्माची व्याख्या नकाराने केली तर समजू शकतो, नागरिकाची?

हिशेब कुठल्या आकड्यांवर? १९७२ च्या जनगणनेवर, कारण पुढे समाजवार मोजणीच बंद केली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने सांगितले, की समाज जाहीर करण्याची ही सक्ती राजकीय हक्कांशी सुसंगत नाही. २०१४ च्या निवडणुकीपुरती सवलत दिली गेली. प्रश्न सुटलेला नाही. आणि खरे सांगायचे तर तो सोपाही नाही. मोजणी केली नाही तर दुबळा दिसत नाही; मोजणी केली तर माणूस त्या खान्यातच अडकतो. आरक्षणाची चर्चा चावडीवर करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या देशाला हसू नये. त्याच मराठी माणसाला निवडणुकीच्या अर्जात 'हिंदू' व्हावे लागते, शाळेच्या वर्गात तो 'मराठी' असतो आणि बाजारात फक्त 'मॉरिशियन'. तिन्ही खरे आहेत.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. १९७१ ची आणीबाणी आणि १९७२ ची लांबलेली निवडणूक सोडली, तर सत्ता मतपेटीतून बदलत आली आहे, तीही जोरात. १९८२ आणि १९९५ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा घेतल्या; नोव्हेंबर २०२४ मध्ये बासष्टपैकी साठ. हरलेले पंतप्रधान घरी गेले. आफ्रिकेत आणि आशियात ही लहान गोष्ट नाही. काळी बाजूही आहे : फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटले. गुलामांच्या वंशजांना अजूनही वाटते, की गिरमिट्यांना निदान जमीन मिळाली, आम्हाला काय?

आता अर्थव्यवस्था, आणि ते भाकीत. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने मॉरिशसवर अहवाल दिला. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचा युक्तिवाद असा : जमीन मोजकी, निर्यात जवळजवळ सगळी साखरेची, मलेरिया हटल्यामुळे लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास वाढते आहे आणि समाज आपसात फाटलेले. तेव्हा शांततेने विकास होण्याची आशा थोडी. तर्क बिनचूक आहे. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिला तर मी पूर्ण गुण देईन.

मग खोटा कसा ठरला? निष्कर्ष चुकतो तेव्हा आपण तर्कात खोट शोधतो. इथे तर्क बरोबर होता. माणसांनी त्याची गृहीतके बदलली. आणि मीड यांनी ती बदलण्याचे उपायही त्याच अहवालात सुचवले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. कुटुंबनियोजन आले. जन्मदर झपाट्याने उतरला. १९७० मध्ये निर्यात उद्योगांसाठी कायदा झाला. एदुआर लिम फात या चिनी वंशाच्या प्राध्यापकाने ती कल्पना लावून धरली होती. कापडाचे, विणकामाचे कारखाने आले आणि त्यांत हजारो बायका पहिल्यांदा पगारावर गेल्या. १९७५ च्या करारात युरोपने वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर चढ्या, हमीच्या भावाने घ्यायचे ठरवले. तो पैसा मळेवाल्यांनी कारखान्यांत आणि हॉटेलांत गुंतवला. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर बसवला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत. म्हणून मी त्याला 'चमत्कार' म्हणत नाही. चमत्कार म्हटले की कारणे शोधायची गरज उरत नाही.

पुढे हमीचा भावही गेला. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव चार वर्षांत ३६ टक्के उतरवला आणि २००९ मध्ये तो करार संपला. मॉरिशसने कारखाने कमी केले, चिपाडापासून वीज वाढवली, विशेष प्रतीची साखर काढली, पर्यटन आणि वित्तसेवा वाढवल्या. वित्तसेवेत आपलाही हात आहे. १९८२ च्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे भारतात येणारी परकी गुंतवणूक अनेक वर्षे सर्वांत जास्त मॉरिशसमार्गे आली. त्यातली किती खरोखर परकी आणि किती आपलीच फेरफटका मारून आलेली, यावर वाद झाले. २०१६ मध्ये करार बदलला, १ एप्रिल २०१७ पासून शेअरवरच्या नफ्यावर भारतात कर लागू लागला. लहान देशाला पोट भरायला कधी कधी दुसऱ्याच्या कायद्यातली फट लागते. हे समर्थन नाही, निरीक्षण आहे.

जागतिक बँकेने २०२० मध्ये मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवले. कोविडमुळे वर्षभरात ते पुन्हा खाली आले. त्याच जुलैमध्ये 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. लोकांनी उसाच्या पाचटाचे बोळे करून ते अडवायचा प्रयत्न केला. आणि चागोस बेटे. स्वातंत्र्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने ती तोडून घेतली आणि दिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळासाठी तिथल्या रहिवाशांना हुसकावले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिले, मे २०२५ मध्ये ती परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. बेट लहान असले, तरी समुद्र मोठा असतो आणि त्यावर नजर सगळ्यांची असते.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा विषय घेतला. आज मॉरिशसमध्ये जन्मदर इतका घसरला आहे, की कामाला माणसे मिळत नाहीत. कापड कारखान्यांत आणि बांधकामावर बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्करहून करारावर मजूर येतात. गिरमिट्यांची पणतवंडे आता करारावरच्या मजुरांचे मालक, शेजारी, मुकादम आहेत. इतिहास त्यांना विचारतो आहे : तुमच्या आजोबाला जे नको होते, ते तुम्ही या पोराला देता का?

हाच प्रश्न आपल्याला लागू होतो. शिरवळच्या कारखान्यांत कंत्राटावर कोण आहे, ते आपण पाहतो. आणि दिवाळीनंतर नीरेच्या दोन्ही काठांना ज्या टोळ्या उतरतात, त्यांच्याकडे पाहा. बीडकडून येतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणूस नव्हे, अवजार. एक दिवस आजारी पडले, की 'खाडा' आणि त्याचा दंड. उचल, मुकादम, खाडा. १८४० च्या मॉरिशसमधल्या मजुराला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागला नसता. जहाज लागत नाही, परवान्यावर फोटो नाही, आणि कायद्याने ते स्वतंत्र नागरिक आहेत. हा फरक मोठा आहे, मी तो नाकारत नाही. पण फेडायची उचल अंगावर असलेल्या माणसाचे स्वातंत्र्य किती, हा प्रश्न उरतोच.

मीड यांच्यासारखे तर्क या टोळ्यांबद्दलही केले जातात. कोरडवाहू जमीन, पाऊस नाही, शिक्षण नाही. तेव्हा ते असेच राहणार. तर्क बरोबर आहे. गृहीतके बदलली नाहीत, तर निष्कर्षही खरा ठरेल. मॉरिशसमध्ये दोन गोष्टींनी ती बदलली : थोडी जमीन आणि रात्रीची बैठक. जमीन आपल्या हातात नसेल. पण फडाजवळच्या पालावरची पोरे हंगामाचे पाच-सहा महिने कुठल्या शाळेत बसतात, हे आपल्या गावच्या शाळेच्या हजेरीपटावरून कळते. सावित्रीबाईंच्या तालुक्याला तो हजेरीपट पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

एवढे बोलून थांबतो. प्रश्न असतील, तर आनंदाने घेईन.